हक्क आणि परवानगी : रशियातील विरोधी चळवळी व सार्वजनिक सभेचा प्रश्न

१९९३ साली स्वीकृत झालेल्या रशियाच्या राज्यघटनेतील ३१ वे कलम अवघ्या एका वाक्याचे आहे. नागरिकांना शांततेने व निःशस्त्रपणे एकत्र येण्याचा, सभा, मिरवणुका व निदर्शने करण्याचा हक्क आहे, एवढेच ते सांगते. निर्बंधांविषयीची सर्वसाधारण तरतूद ५५ व्या कलमात आहे. ३१ व्या कलमात स्वतःचा असा एकही 'परंतु' नाही. या कलमाचा मजकूर पुढील तीस वर्षांत बदलला नाही. बदलली ती त्याखाली उभी राहू शकणारी माणसांची संख्या. १९९१ च्या मॉस्कोत लाखो लोक रस्त्यावर येत असत. २०२२ च्या मॉस्कोत कोरा कागद हाती धरून उभ्या राहिलेल्या एकट्या इसमालाही पोलीस धरून नेत होते. रशियन विरोधकांविषयी लिहिताना नेत्यांची चरित्रे आणि गर्दीचे आकडे यांवरच सामान्यतः भर दिला जातो. परंतु मूळ शब्द तसेच राहून हक्काचे परवानगीत आणि परवानगीचे मनाईत रूपांतर कसे झाले, हे समजल्यावाचून त्या चरित्रांचा आणि आकड्यांचाही नीट अर्थ लागत नाही.

या प्रश्नाची मुळे झारशाहीत आहेत. ९ जानेवारी १९०५ रोजी (नव्या पंचांगाप्रमाणे २२ जानेवारीस) गापोन या धर्मोपदेशकाच्या मागून सेंट पीटर्सबर्गचे कामगार हिवाळी राजवाड्याकडे निघाले, तेव्हा त्यांच्या हाती देवप्रतिमा होत्या आणि खुद्द झारच्या तसबिरी होत्या. ते बंड करावयास निघाले नव्हते. ते अर्ज घेऊन निघाले होते. झार त्या दिवशी राजवाड्यात नव्हता. सैन्याने गोळीबार केला, आणि शासकीय आकड्याप्रमाणेच सुमारे १३० माणसे मेली. त्या वर्षीच्या देशव्यापी संपानंतर ऑक्टोबरच्या जाहीरनाम्याने सभास्वातंत्र्याचे वचन दिले खरे, पण मार्च १९०६ च्या 'तात्पुरत्या' नियमांनी ते लगेच आवळले. उघड्यावरील सभेस अधिकाऱ्याची अनुज्ञा हवी, आणि सभेत पोलीस अधिकारी बसून ती बंद करू शकेल, असा तो बंदोबस्त होता. वचन एका दस्तऐवजात आणि त्याची किल्ली दुसऱ्या दस्तऐवजात, ही रचना तेथून पुढे रशियाच्या इतिहासात वारंवार दिसते.

मराठी वाचकास हा कालखंड सर्वस्वी परका नाही. १९०८ च्या जुलैत लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाल्यावर मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, आणि लेनिनने त्याच वर्षी त्याची दखल घेऊन हिंदुस्थानातील ब्रिटिश राजवटीला 'रशियन पद्धतीची' असे विशेषण लावले. ते विशेषण तेव्हा सर्वांना कळत होते. पुढे बोल्शेविकांच्या हाती सत्ता आल्यावर, ५ जानेवारी १९१८ रोजी, संविधान सभेच्या समर्थनार्थ निघालेल्या मिरवणुकीवर पेत्रोग्रादमध्ये गोळ्या झाडल्या गेल्या. आणि या घटनेची ९ जानेवारी १९०५ शी उघड तुलना करणारा लेखक झारचा कोणी चाहता नव्हता, तो माक्सिम गॉर्की होता.

स्टालिनच्या १९३६ च्या राज्यघटनेतील १२५ वे कलम या दृष्टीने मुळातून अभ्यासण्यासारखे आहे. भाषण, मुद्रण, सभा, मिरवणूक आणि निदर्शन यांचे स्वातंत्र्य त्यात होते. मात्र ते श्रमिकांच्या हितानुसार आणि समाजवादी व्यवस्था बळकट करण्याच्या हेतूने दिलेले होते. शिवाय या स्वातंत्र्याच्या उपभोगासाठी छापखाने, कागदाचा साठा, सार्वजनिक इमारती आणि रस्ते श्रमिकांच्या स्वाधीन केले जातील, असेही आश्वासन होते. रस्ता ही शासनाने उपयोगास द्यावयाची वस्तू आहे, ही कल्पना एवढ्या निःसंकोचपणे अन्यत्र क्वचितच मांडली गेली असेल. १ मे आणि ७ नोव्हेंबर या दिवशी लक्षावधी माणसे त्या रस्त्यांवरून चालत. त्यांनी स्वतः होऊन चालावे, अशी अपेक्षा मात्र कोणाचीच नव्हती.

स्वतः होऊन चालल्यास काय होते, हे नोवोचेर्कास्क येथे दिसले. १९६२ च्या जून महिन्याच्या प्रारंभी शासनाने मांस व लोणी यांच्या किमती अनुक्रमे ३० व २५ टक्क्यांनी वाढविल्या. तेथील विद्युत-इंजिनांच्या कारखान्यात त्याच सुमारास कामाचे दरही कमी करण्यात आले होते. १ जूनला काम थांबले. दुसऱ्या दिवशी कामगार शहराच्या मध्यभागी निघाले ते लाल निशाणे आणि लेनिनच्या तसबिरी घेऊन. १९०५ च्या देवप्रतिमांशी या तसबिरींचे साम्य सहज ध्यानात येते: दोन्ही प्रसंगी जमावाने राज्यकर्त्यांचीच पवित्र चिन्हे पुढे केली, आणि दोन्ही प्रसंगी त्यांचा उपयोग झाला नाही. पुढे प्रसिद्ध झालेल्या शासकीय माहितीप्रमाणे २६ जण मृत्युमुखी पडले, ८७ जखमी झाले, आणि खटल्यांनंतर ७ जणांना देहान्त शिक्षा देण्यात आली. प्रेते गुप्तपणे दूरच्या निरनिराळ्या दफनभूमींत पुरली गेली. देशाला या घटनेची अधिकृत वार्ता कळावयास १९८० च्या दशकाची अखेर उजाडली. १९०५ ची बातमी चार दिवसांत जगभर गेली होती. १९६२ ची पाव शतक दडून राहिली. झारशाही आणि सोव्हिएत सत्ता यांच्यातील हा फरक रक्तपाताच्या प्रमाणाहून अधिक महत्त्वाचा मानावयास हवा.

अर्ज व्यर्थ, संप प्राणघातक. मग उरले काय? या प्रश्नाला एका गणितज्ञाने अनपेक्षित उत्तर दिले. कवी सर्गेई येसेनिन याचा पुत्र अलेक्सांद्र येसेनिन-वोल्पिन हा तर्कशास्त्राचा अभ्यासक होता. सिन्याव्स्की आणि दानियेल या दोन लेखकांना परदेशी टोपणनावाने लेखन छापल्याबद्दल १९६५ च्या सप्टेंबरात अटक झाली, तेव्हा त्याने त्यांच्या लेखनाचे समर्थन करण्याऐवजी घटनेचे १११ वे कलम पुढे केले. खटले उघडपणे चालवावेत, असे ते कलम सांगत होते. ५ डिसेंबर हा सोव्हिएत घटनादिन. त्या संध्याकाळी पुष्किन चौकात काही माणसे जमली. उघड खटल्याची मागणी करणारे आणि आपल्याच घटनेचा मान राखा असे सांगणारे फलक काही क्षण झळकले आणि लगेच हिसकावले गेले. सिन्याव्स्कीला सात व दानियेलला पाच वर्षांची शिक्षा झालीच. परंतु त्या काही क्षणांत एक पद्धत जन्मास आली. शासनाने जे लिहून ठेवले आहे ते त्याने शब्दशः पाळावे, एवढीच मागणी करावयाची. राजवट उलथण्याची भाषा करावयाची नाही. या पद्धतीचे अनुयायी स्वतःला 'हक्करक्षक' म्हणवीत. त्यांच्या समकालीनांपैकी पुष्कळांना ही भाबडी वकिली वाटली. वस्तुतः तीत मोठे धूर्तपण होते, कारण आपली घटना खोटी आहे, हे शासनाला कोर्टात कबूल करता येत नव्हते.

शासनाने तसे कबूल केले नाही. त्याने कायदा वाढविला. सप्टेंबर १९६६ मध्ये रशियन प्रजासत्ताकाच्या दंडसंहितेत १९० व्या कलमाची नवी उपकलमे घालण्यात आली. त्यांपैकी तिसरे सार्वजनिक सुव्यवस्थेचा गंभीर भंग करणाऱ्या सामुदायिक कृत्यांविषयी होते आणि वाहतुकीस अडथळा हाही त्यात समाविष्ट होता. २५ ऑगस्ट १९६८ रोजी चेकोस्लोव्हाकियावरील आक्रमणाचा निषेध करण्यासाठी लाल चौकात आठ माणसे बसली. लारिसा बोगोराझ, पावेल लित्वीनोव्ह, कोन्स्तान्तिन बाबित्स्की, वादिम देलोने, व्लादिमिर द्रेम्ल्युगा, विक्तोर फाइनबेर्ग, तात्याना बायेव्हा आणि तान्हे मूल बाबागाडीत घेऊन आलेली नतालिया गोर्बानेव्हस्काया. काही मिनिटांतच त्यांना मारहाण करून नेण्यात आले. ऑक्टोबरात पाच जणांवर जो खटला चालला त्यात वाहतुकीस अडथळा आणल्याचाही आरोप होता. जेथे नेहमीची वाहतूकच नव्हती तेथे अडथळा कसा, हा बचाव पक्षाचा प्रश्न अनुत्तरित राहिला. तिघांना हद्दपारी व दोघांना तुरुंगवास मिळाला. फाइनबेर्ग आणि पुढे गोर्बानेव्हस्काया यांना मनोरुग्णालयात डांबण्यात आले, आणि ही शिक्षा सर्वांत भयंकर होती, कारण तिला मुदत नव्हती.

आठ माणसांच्या त्या बैठकीचा परिणाम शून्य होता असे म्हणणे सोपे आहे. पण त्याच वर्षाच्या एप्रिलअखेरीस गोर्बानेव्हस्कायाने 'चालू घडामोडींची बखर' या टंकलिखित पत्रिकेचा पहिला अंक तयार केला होता. कार्बन कागदावर प्रती निघत, वाचणारा पुन्हा प्रती काढी, आणि बातमी उलट मार्गाने संपादकाकडे परत येई. अटक, झडती, खटला, तुरुंगातील स्थिती यांची निर्विकार नोंद हे तिचे स्वरूप होते. विशेषणे जवळजवळ नव्हती. १९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंत ती चालली. नोवोचेर्कास्कसारखी घटना आता पाव शतक लपविणे शक्य राहिले नव्हते.

१९८८ च्या जुलैत गोर्बाचेव्हच्या शासनाने सभा व मिरवणुकांविषयी पहिला स्पष्ट हुकूमनामा काढला. दहा दिवस आधी अर्ज करावयाचा आणि अधिकाऱ्यांनी निर्णय द्यावयाचा, अशी त्याची व्यवस्था होती. अनुज्ञेची ही पद्धत कडकच होती. तरीही पुढील तीन वर्षांत रशियाने आपल्या इतिहासातील अतिप्रचंड शांततामय सभा पाहिल्या. ४ फेब्रुवारी १९९० रोजी मॉस्कोत निघालेल्या मिरवणुकीत दोन लाखांपासून पाच लाखांपर्यंत लोक असल्याचे अंदाज आहेत. कम्युनिस्ट पक्षाला नेतृत्वाचा एकाधिकार देणारे घटनेचे ६ वे कलम रद्द करा, ही तिची मागणी होती. दुसऱ्याच दिवशी मध्यवर्ती समितीची बैठक सुरू झाली, आणि १४ मार्चला कलम बदलले. पुढच्या वर्षी मार्चअखेर मंत्रिमंडळाने मॉस्कोतील सभांना मनाई करून शहरात सैन्य आणले. २८ मार्च १९९१ रोजी लोक मनाई मोडून जमले, आणि दुसऱ्या दिवशी सैन्य परत गेले.

हे यश केवळ संख्येचे मानणे ही चूक होय, आणि पुढच्या पिढीतील अनेक विरोधकांनी ती केली. १९८९ च्या निवडणुकीने लोकप्रतिनिधींची काँग्रेस अस्तित्वात आली होती. तिच्यात आंद्रेई साखारोव्हसारखी माणसे बसली होती. सत्ताधारी पक्षातच उभी फूट पडली होती. आणि २८ मार्चच्या मनाईस रशियन प्रजासत्ताकाच्या प्रतिनिधिगृहानेच विरोध केला होता. रस्त्यावरील जमावाची मागणी उचलून धरणारी एक संस्था सत्तेच्या आत होती. जमाव दार ठोठावतो. आतून कडी काढणारा कोणी असावा लागतो.

१९९३ च्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष आणि संसद यांच्यातील झगडा रणगाड्यांनी मिटविला गेला आणि त्याच डिसेंबरात नवी घटना आली. तिच्यातील ३१ व्या कलमाचे तपशील ठरविणारा संघीय कायदा जून २००४ मध्ये झाला. त्याची भाषा वरकरणी उदार आहे. सभेस परवानगी लागत नाही. पंधरा ते दहा दिवस आधी फक्त सूचना द्यावी लागते. एकट्याने फलक घेऊन उभे राहावयाचे असल्यास सूचनाही नको. परंतु अधिकाऱ्यांना दुसरी जागा किंवा वेळ 'सुचविण्याचा' अधिकार दिला होता, आणि ती सूचना न स्वीकारल्यास सभाच भरविता येत नसे. व्यवहारात 'सोग्लासोवानिये', म्हणजे जुळवून घेणे किंवा सहमती, हा एकच शब्द सर्वतोमुखी झाला. सभा 'सहमत' तरी असे किंवा 'असहमत' तरी. घटनेने दिलेला हक्क अशा रीतीने एका क्रियापदाच्या आडून परवानगी बनला.

हा फेरफार सर्वप्रथम लोकांच्या डोळ्यांसमोर आणला तो ३१ जुलै २००९ पासून सुरू झालेल्या 'स्ट्रॅटेजी-३१' ने. ज्या महिन्यात ३१ तारीख असेल त्या महिन्यात, त्या तारखेला, मॉस्कोच्या त्रियुम्फाल्नाया चौकात ३१ व्या कलमासाठी जमावयाचे. कल्पना लेखक व राजकारणी एदुआर्द लिमोनोव्ह याची. तिच्यात मॉस्को हेल्सिंकी गटाच्या वयोवृद्ध ल्युदमिला अलेक्सेयेव्हा सामील झाल्या. १९५० च्या दशकाअखेर मायकोव्हस्कीच्या पुतळ्यापाशी याच चौकात तरुण मंडळी कविता वाचीत असत. अधिकारी दर वेळी नकार देत आणि पोलीस दर वेळी धरपकड करीत. २०१० च्या ऑगस्टात भुयारी वाहनतळाच्या बांधकामाचे कारण सांगून चौकाला कुंपणच घालण्यात आले. त्या ऑक्टोबरात अधिकाऱ्यांनी प्रथमच मर्यादित संख्येच्या सभेस संमती दिली, आणि चळवळ तेथेच दुभंगली. अलेक्सेयेव्हांनी ८०० माणसांचा आकडा मान्य केला; लिमोनोव्हने संख्या ठरवून घेणे म्हणजे हक्क सोडणे, असे म्हणून वेगळी सभा भरविली. दोघांचेही म्हणणे तर्कशुद्ध होते. परवानगीच्या राजवटीचे खरे बळ यातच आहे: नकाराने विरोधक एकत्र येतात, होकाराने फुटतात.

डिसेंबर २०११ मध्ये हेच नाट्य मोठ्या रंगभूमीवर घडले. ४ डिसेंबरच्या ड्यूमा निवडणुकीत सत्ताधारी 'संयुक्त रशिया' पक्षाला ४९ टक्क्यांहून थोडी अधिक मते मिळाल्याचे जाहीर झाले, आणि मतमोजणीतील गैरप्रकारांच्या चित्रफिती सर्वत्र पसरल्या. १० डिसेंबरची सभा क्रांती चौकात व्हावयाची होती. तेथे संमती फक्त ३०० माणसांची होती. बोरिस नेम्त्सोव्ह प्रभृतींनी नगरपालिकेशी बोलणी करून ३०,००० माणसांसाठी बोलोत्नाया चौक मिळविला. क्रांती चौक हा क्रेमलिनला आणि निवडणूक आयोगाच्या कचेरीला जवळ. बोलोत्नाया हा मॉस्क्वा नदी आणि कालवा यांमधील बेटावर. सभा विराट झाली, शांततेने पार पडली, आणि पुलांवरून घरी गेली. पोलिसांनी २५,००० म्हटले, संघटकांनी एक लाखापर्यंत. लिमोनोव्हने तडजोडीला विश्वासघात म्हटले. रक्तपात टाळणे हेही राजकारणातील कर्तव्य आहे, हे लक्षात घेता तो शब्द अन्यायाचा ठरतो. तथापि १९९० प्रमाणे सत्तेच्या आत कडी काढणारा कोणीही या वेळी नव्हता, आणि बेटावरील जमावाजवळ वेळेवाचून दुसरे शस्त्र नव्हते. तो वेळ शासनाने वापरून घेतला.

६ मे २०१२ रोजी, पुतिन यांच्या शपथविधीच्या आदल्या दिवशी, त्याच चौकाच्या तोंडाशी पोलिसांच्या रांगेने वाट अरुंद झाली. रेटारेटी, मारहाण आणि चारशेंहून अधिक अटका झाल्या. पुढे 'बोलोत्नाया खटल्यात' तीसहून अधिक लोक गोवले गेले, आणि त्यांतील बहुतेक अप्रसिद्ध होते. हे लक्षणीय आहे. नेत्यास शिक्षा केल्याने अनुयायी चिडतात. सामान्य माणसास शिक्षा केल्याने त्याच्यासारखे हजारो घरी बसतात. महिन्याभरात दंडाची कमाल मर्यादा नागरिकांसाठी ३,००,००० रूबलांवर नेण्यात आली. २०१४ मध्ये दंडसंहितेत २१२.१ हे कलम आले: १८० दिवसांत दोनपेक्षा अधिक वेळा सभेचे नियम मोडल्यास पाच वर्षांपर्यंत कैद. याखाली पहिली शिक्षा इल्दार दादिन यांस डिसेंबर २०१५ मध्ये झाली. घटना न्यायालयाने कलमाच्या वापरावर मर्यादा घातल्यानंतर फेब्रुवारी २०१७ मध्ये ती रद्द झाली. त्याच महिन्यात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने लाशमान्किन खटल्यात निर्णय दिला, की स्पष्ट निकष नसताना सभेची जागा बदलावयास लावण्याचा अधिकार हा सभास्वातंत्र्याचा भंग होय. कायदा तसाच राहिला, आणि १६ सप्टेंबर २०२२ पासून रशिया त्या न्यायालयाच्या करारातूनच बाहेर पडला.

जमाव या काळात कधीच जिंकला नाही, असे समजू नये. २०१९ च्या मे महिन्यात येकातेरिनबुर्गच्या नागरिकांनी उद्यानातील नियोजित चर्चची जागा बदलावयास लावली. मॉस्कोचा कचरा आर्खांगेल्स्क प्रांतातील शियेस येथे आणून टाकण्याची योजना स्थानिकांनी दीर्घकाळ तळ ठोकून २०२० मध्ये हाणून पाडली. राजवटीच्या मुळाशी न जाणाऱ्या स्थानिक प्रश्नावर शासन माघार घेऊ शकत होते. खाबारोव्हस्कचा प्रश्नही स्थानिक होता, पण तो मतपेटीतून आला होता. लोकांनी निवडलेले राज्यपाल सर्गेई फुर्गाल यांना जुलै २०२० मध्ये अटक झाली, आणि मॉस्कोहून सात तास पुढे असलेल्या त्या शहरात हजारो लोक आठवड्यामागून आठवडे कोणतीही सूचना न देता चालत राहिले. पोलीस प्रथम केवळ पाहत होते. फुर्गाल परत आले नाहीत. गर्दी थंडीबरोबर ओसरली.

त्यापुढील घटनाक्रम वेगाचा आहे. डिसेंबर २०२० च्या दुरुस्तीने आळीपाळीने उभ्या राहणाऱ्या एकट्या निदर्शकांची रांगही 'सभा' ठरविता येऊ लागली. २००४ च्या कायद्यातील शेवटची मोकळी फट बुजली. विषप्रयोगातून वाचलेले अलेक्सेई नवाल्नी १७ जानेवारी २०२१ रोजी मायदेशी परतले आणि पकडले गेले. ३१ जानेवारीच्या एकाच दिवशी देशभर पाच हजारांहून अधिक लोक ताब्यात घेतले गेले. हा हिशेब ठेवणारी 'ओव्हेदे-इन्फो' ही संस्था २०११ च्या डिसेंबरातच जन्मली होती आणि तिची निर्विकार नोंदपद्धत जुन्या 'बखरी'ची आठवण करून देते. जूनमध्ये नवाल्नींच्या संघटना 'अतिरेकी' ठरल्या. वर्षाअखेर 'मेमोरियल' ही संस्था न्यायालयाच्या आदेशाने विसर्जित झाली, आणि जानेवारी २०२३ मध्ये मॉस्को हेल्सिंकी गटही. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाल्यावर ४ मार्चच्या कायद्याने सैन्याविषयीच्या 'खोट्या' माहितीस पंधरा वर्षांपर्यंत कैद ठेवली. त्या वर्षी युद्धविरोधी भूमिकेमुळे १९ हजारांहून अधिक धरपकडी नोंदल्या गेल्या. सभेस नकार देण्यासाठी मॉस्कोच्या अधिकाऱ्यांना तर नवा कायदाही लागला नाही. २०२० ची साथीच्या रोगाची मनाई रोग ओसरल्यानंतरही कित्येक वर्षे पुरली.

येसेनिन-वोल्पिनची पद्धत यामुळे कोंडीत सापडली. कायद्याचा शब्द आणि शासनाची कृती यांत अंतर असेपर्यंतच 'आपली घटना पाळा' या मागणीला धार असते. शब्दच कृतीमागे धावू लागला, की कायदेशीर निदर्शन ही गोष्ट आकुंचित होत जाऊन अखेर ज्यांना निदर्शन म्हणता येत नाही अशा वर्तनांत शिरते. १६ फेब्रुवारी २०२४ रोजी नवाल्नी उत्तर ध्रुवीय प्रदेशातील खार्प येथील बंदिवासात मरण पावले, तेव्हा लोकांनी राजकीय दडपशाहीच्या स्मारकांपाशी फुले ठेवली. त्यांतील कित्येकांना अटक झाली. १ मार्चला मॉस्कोत त्यांच्या अंत्यविधीस हजारो लोक आले. अंत्ययात्रेला सूचना-अर्ज लागत नाही.

मतदानालाही लागत नाही. १७ मार्च २०२४ रोजी, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या शेवटच्या दिवशी, ठीक बारा वाजता मतदान केंद्रावर यावे, असे आवाहन विरोधकांनी केले होते. घोषणा नाही, फलक नाही. फक्त ठरलेल्या वेळी रांगेत उभे राहावयाचे. अशी रांग बेकायदा सभा समजली जाऊ शकेल, असा इशारा मॉस्कोच्या सरकारी वकिलांच्या कार्यालयाने आधीच दिला होता. बारा वाजता मॉस्को, सेंट पीटर्सबर्ग, येकातेरिनबुर्ग आदी शहरांतील अनेक केंद्रांवर रांगा एकाएकी लांबल्या. बर्लिनच्या वकिलातीबाहेरच्या रांगेत युलिया नवाल्नाया उभ्या होत्या. ती रांग पुढे सरकण्यास काही तास लागले.